रोजची फेरी विजेवर, लांबची पेट्रोलवर

लोहा तालुक्यातल्या आमच्या बचत गटातर्फे आम्ही बोलतोय.

आजचा विषय गाडीचा आहे. गाडीचं बोलणं निघालं की घरातल्या बाया उठून चहा ठेवायला जातात. गाडी म्हणजे माणसांचा विषय, असं आपणच धरून चाललोय. आज उठू नका. पेट्रोलचा पैसा संसाराच्याच डब्यातून जातो आणि लाईटचं बिलही त्याच डब्यातून भरलं जातं. डबा आपण सांभाळतो, तर हिशेबही आपल्याला यायला पाहिजे.

जगात एक गाडी निघाली आहे, तिला प्लग-इन हायब्रिड म्हणतात. म्हणजे दोन इंधनांची गाडी. तिच्यात पेट्रोलची टाकी असते आणि मोठी बॅटरीही असते. रात्री घरच्या वीज-बोर्डाला प्लग लावायचा, सकाळी बॅटरी भरलेली. रोजचे चाळीस-पन्नास किलोमीटर विजेवर होतात. बॅटरी संपली की गाडी आपोआप पेट्रोलवर जाते, त्यामुळे लांबच्या रस्त्यावर अडकायची भीती नाही. चीनच्या बीवायडी कंपनीनं २००८ साली अशी गाडी बाजारात आणली. नंतर अमेरिका, जपान, युरोपातल्या कंपन्यांनीही आणल्या.

आता एखादी म्हणेल, आमच्या भावाकडं हायब्रिड गाडी आहे, पण तिला प्लग कुठं दिसत नाही. बरोबर आहे. आपल्याकडं रस्त्यावर दिसणाऱ्या इनोव्हा हायक्रॉस, ग्रँड विटारा यांच्यातल्या हायब्रिड गाड्यांना प्लग नसतो. त्यांची छोटी बॅटरी गाडी चालता चालता, ब्रेक दाबताना भरते. त्या पेट्रोल कमी पितात, पण पितात पेट्रोलच. प्लगची हायब्रिड वेगळी. ती भारतात मोजकीच मिळते आणि तिची किंमत आपल्या गावातल्या कुणाला परवडणारी नाही.

मग तिच्यावर कशाला बोलायचं? कारण तिच्यामागचा विचार आपल्या कामाचा आहे. आणि तो आपल्याला नवा नाही. आपल्या घरात चूल आहे आणि गॅसही आहे, म्हणजे स्वयंपाकघर कधीचंच दोन इंधनांचं झालं. चहा, दूध, सकाळची घाईची भाजी गॅसवर. अंघोळीचं पाणी, पुरणाची डाळ, पाहुण्यांच्या भाकरी चुलीवर. कुठलं काम कशावर करायचं हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. आपण सिलिंडर किती दिवस पुरतं ते बघितलं आणि ठरवलं.

पण गॅसचीच दुसरी बाजू पण आठवा. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली. घरोघरी शेगडी आली. मात्र २०१९ साली देशाच्या महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा अहवाल आला. त्यात दिसलं की उज्ज्वलाच्या घरांत वर्षाकाठी सरासरी तीनच्या आसपासच सिलिंडर लागतायत. कितीतरी घरांत टाकी कोपऱ्यात, वर फडकं झाकलेलं, आणि बाई धुरातच. सिलिंडर भरायला पैसा लागतो आणि तो पैसा कुणाच्या हातात आहे यावर सगळं ठरतं.

दोन इंधनांच्या गाडीचंही युरोपात अगदी असंच झालं. युरोपियन कमिशननं २०२४ साली रस्त्यावरच्या खऱ्या गाड्यांची माहिती काढली. प्लगच्या हायब्रिड गाड्यांचा धूर कागदावर लिहिलेल्या आकड्याच्या साधारण साडेतीन पट निघाला. गाडीत बिघाड नव्हता. लोक प्लगच पुरेसा लावत नव्हते. अशा पुष्कळ गाड्या नोकरीच्या कंपनीनं दिलेल्या होत्या आणि अशा ठिकाणी पेट्रोलचे पैसेही बऱ्याचदा कंपनीच भरते. ज्याच्या खिशातून पेट्रोल जात नाही, तो रात्री उठून वायर कशाला जोडेल?

मैत्रिणींनो, आज आम्हाला एवढंच सांगायचंय. दोन इंधनं घरात आली म्हणून बचत होत नाही. कोणत्या फेरीला काय वापरायचं हे ठरवणारी आणि रात्री आठवणीनं प्लग लावणारी बाई असेल, आणि किल्लीही तिच्या हातात असेल, तर बचत होते.

आता आमच्याकडची गोष्ट. आमच्या गटातल्या पाच घरांत विजेची स्कूटर आली आहे. पाचही घरांत पेट्रोलची मोटारसायकल आधीपासून होती, ती कुणी विकली नाही. म्हणजे दोन इंधनांची गाडी आम्ही घेतली नाही, पण आमचं घरच दोन इंधनांचं झालं. रोजच्या फेऱ्या स्कूटरवर. लांबचा रस्ता, रात्रीबेरात्रीचा दवाखाना, शेतातली खतांची पोती मोटारसायकलवर.

स्कूटर घेण्याआधी आम्ही एक काम केलं, ते तुम्हीही करा. एक वही घेतली आणि महिनाभर घरातली प्रत्येक फेरी लिहिली. कोण गेलं, कुठं गेलं, किती किलोमीटर, आणि परत कधी आलं. दुधाची डेअरी, अंगणवाडी, रेशन, बँक, लोह्याचा बाजार, ग्रामसंघाची बैठक. आमच्यात एक पशुसखी आहे, एक बँक सखी आहे. त्यांच्या फेऱ्या सगळ्यात जास्त. महिन्याच्या शेवटी वही वाचली तेव्हा कळलं की बहुतेक दिवशी घरातली गाडी वीस किलोमीटरच्या वर जातच नाही. लांबच्या फेऱ्या महिन्यातून दोन-तीन. नांदेडला दवाखाना, नाहीतर लातूरला शिकवणीला ठेवलेल्या पोरीला डबा.

वहीत आणखी एक गोष्ट दिसली. बायांच्या फेऱ्यांपुढं वेळ लिहिला होता आणि त्यातला निम्मा वेळ वाट बघण्याचा होता. धनी शेतातून येईल, मग सोडेल. दीर मोकळा झाला की आणेल. बँकेचं दहा मिनिटांचं काम आणि दिवस गेला. त्या दिवसाची मजुरीही गेली. पेट्रोलच्या हिशेबात हा खर्च कुणी धरत नाही.

आता पैशाचा हिशेब. आकडे तुमच्या घरचे घाला, आम्ही उदाहरण देतो. रोज २० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे ५०० किलोमीटर. मोटारसायकल लिटरला ६० किलोमीटर देते असं धरा, पेट्रोल १०५ रुपये धरा. साधारण सव्वाआठ लिटर लागेल, म्हणजे ८७५ रुपये. विजेच्या स्कूटरची बॅटरी साधारण तीन युनिटची असते. चार्जरमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून पूर्ण भरायला साडेतीन युनिट धरा. आपल्या रस्त्यावर त्यात ८० किलोमीटर निघतात असं समजा. ५०० किलोमीटरला २२ युनिट लागले. युनिट १० रुपयांनी धरलं तर २२० रुपये. महिन्याची बचत ६५५ रुपये.

इथं थांबा. दुकानदार तुम्हाला एवढंच सांगेल आणि सही घेईल. आम्ही पुढचं सांगतो. एक लाख रुपये कर्ज, १२ टक्के व्याज, तीन वर्षं, तर हप्ता ३,३०० रुपयांच्या वर जातो. बचत ६५५ आणि हप्ता ३,३००. नुसत्या पेट्रोलच्या बचतीतून स्कूटर फिटत नाही. उरलेले २,६०० हून जास्त रुपये कुठून तरी कमवावे लागतात. पशुसखीला ते जमलं, कारण तिची दिवसाला दोन गावं जास्त व्हायला लागली. दूध घालणारीला जमलं, कारण ती दूध वेळेत पोहोचवते आणि पुन्हा मजुरीलाही जाते. जिची रोजची फेरी पाच किलोमीटरची आहे आणि जिला बाहेरची कमाई नाही, तिनं कर्ज काढून स्कूटर घेऊ नये. घरातली जुनी गाडी तशीही बदलायची असेल, तर मात्र विजेचा विचार आधी करा.

आता विजेकडं येऊ. आपल्या घरगुती बिलात टप्पे असतात. पहिल्या १०० युनिटांना कमी दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त. स्कूटरनं महिन्याला वीस-पंचवीस युनिट वाढतात. आत्ता तुमचं बिल ७० युनिटचं असेल तर तुम्ही पहिल्याच टप्प्यात राहता. ९५ चं असेल तर वरचे युनिट महाग टप्प्यात जातात. सगळं बिल महाग होत नाही, फक्त १०० च्या वरचे युनिट महाग होतात. तरी वर्षभराची बिलं काढून बघा, मग हिशेब करा.

एक मोह सगळ्यांना होतो. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज सरकारनं मोफत केली आहे. मग स्कूटर आखाड्यावर नेऊन मोटारीच्या पेटीतूनच चार्ज करावी असं वाटतं. ते करू नका. ते कनेक्शन पंपासाठी दिलेलं आहे. दुसऱ्या कामाला वापरलं तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होते. आकडा टाकणं तर सरळ चोरी आहे. शिवाय शेतातल्या विजेचा दाब कमी-जास्त होतो, त्यात महागाचा चार्जर जळतो.

घरी चार्जिंग करताना आमचे नियम असे आहेत. तीन पिनांचा चांगला बोर्ड आणि खरं अर्थिंग. वायरमनकडून तपासून घ्या, पावसाळ्याआधी दरवर्षी. लोंबकळणारी एक्स्टेन्शनची वायर चालत नाही. गाडी उंबऱ्यात किंवा जिन्याखाली लावून चार्ज करायची नाही. काही झालंच तर माणसाला बाहेर पडायला वाट पाहिजे. ओसरीत, छताखाली, पण दाराच्या बाजूला लावा. जवळ कडबा, सोयाबीनचं भुसकट, रॉकेल ठेवू नका. आणि उन्हाळ्यात, जेव्हा आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा उन्हातून आल्या आल्या प्लग लावू नका. तासभर बॅटरी निवू द्या. २०२२ साली देशात काही ठिकाणी विजेच्या स्कूटर पेटल्या होत्या. त्यानंतर केंद्र सरकारनं बॅटरीचे नियम कडक केले. म्हणून जुनी, स्वस्तातली, कुठून आली ते माहीत नसलेली बॅटरी घेऊ नका.

लाईट जाण्याचं काय? हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. डीपी जळाली तर आपल्याकडं दोन-चार दिवस अंधार असतो. त्यासाठी आमची सवय अशी आहे की बॅटरी कधीच तळाला जाऊ द्यायची नाही. निम्मी झाली की प्लग. पाण्याचा हंडा आपण रिकामा होईस्तोवर थांबतो का? तसंच. आणि खरोखर अडचण आली तर पेट्रोलची गाडी आहेच. दोन इंधनांचा फायदा हाच.

ज्यांच्या घरावर स्लॅब किंवा पक्कं पत्र्याचं छप्पर आहे, त्यांनी पीएम सूर्यघर योजनेची चौकशी करावी. २०२४ साली सुरू झालेल्या या योजनेत एक किलोवॅटच्या सौर पॅनेलला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा त्याहून जास्तला ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटमधून दिवसाला साधारण चार युनिट निघतात, पावसाळ्यात कमी. म्हणजे घर आणि स्कूटर दोन्हीला मोठा आधार.

आता लांबच्या रस्त्याचं. कंपनी सांगते तेवढे किलोमीटर आपल्याकडं निघत नाहीत. मागं माणूस बसला, पुढं पिशवी, समोर वारा, आणि अहमदपूर-मुखेडकडचा बालाघाटाचा चढ आला की आकडा झरझर उतरतो. लोह्याहून नांदेडला जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटर होतात. भरलेल्या बॅटरीत ते बसतं, पण जेमतेम. लातूर तर शंभरेक किलोमीटरवर. तिथं स्कूटर काढायचीच नाही.

तिथं आपल्याकडं मोटारसायकलपेक्षाही चांगली गाडी आहे, एसटी. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. आम्ही काय करतो, घर ते फाटा स्कूटरवर, फाटा ते लातूर एसटीत. स्कूटर फाट्यावरच्या ओळखीच्या दुकानापाशी कुलूप लावून ठेवायची. आधी एसटी पकडायची तर फाट्यापर्यंत कुणी सोडायचं हाच प्रश्न असायचा. पोरीचा डबा त्यासाठीच राहून जायचा. आता रविवारी डबा जातो. लातूरला शिकणाऱ्या लेकराला घरची भाकरी आठवड्यातून एकदा मिळते, याची किंमत कुठल्या वहीत लिहायची ते तुम्हीच ठरवा.

विकत घेताना काय बघायचं ते थोडक्यात ऐका. ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त न पळणाऱ्या आणि २५० वॅटपर्यंतच्या मोटारीच्या गाडीला लायसन आणि नंबर लागत नाही. पण ती गाडी चढावर दमते आणि फाट्यावरच्या हमरस्त्यावर धोक्याची ठरते. त्याहून मोठ्या गाडीला लायसन, नंबर आणि विमा तिन्ही लागतात. हिरव्या पाटीवर पांढरा नंबर असतो. लायसन काढा, टाळू नका. गिअर नाही, किक नाही, म्हणून साडीवरही आठ दिवसांत शिकता येते. पण वाहतुकीचे नियम शिकायला वेळ द्या आणि हेल्मेट घाला.

दुरुस्ती किती लांब आहे ते विचारा. आमच्यातल्या एकीची गाडी एका सुट्या भागासाठी वीस दिवस दुकानात पडून होती. तेव्हा मोटारसायकल होती म्हणून तिचं काम थांबलं नाही. बॅटरीची हमी किती वर्षांची, किती किलोमीटरची, ते पावतीवर लिहून घ्या. तोंडी बोलणं हमी नसतं. आणि हमी संपल्यावर बॅटरी बदलायचा खर्च मोठा असतो. त्यासाठी आम्ही बचतीच्या ६५५ रुपयांतले ३०० वेगळे टाकतो, बॅटरीची भिशी म्हणून. पेट्रोलचे वाचलेले पैसे दिसत नाहीत, म्हणून ते खर्चून जातात. डब्यात वेगळे टाकले की दिसतात.

शेवटची गोष्ट गाडीच्या कागदांची. स्कूटर बाईच्या कर्जावर, बाईच्या गटाच्या हमीवर येते. मग आरसी बुकावर नाव पण तिचंच पाहिजे. आणि किल्ली? आमच्या पाच घरांतल्या एका घरात पहिले दोन महिने स्कूटर पोरगंच फिरवत होतं. रात्री प्लग आई लावायची, सकाळी गाडी पोराची. दुपारी चौकात उभी आणि आई डेअरीला पायी. गटाच्या बैठकीत विषय निघाला. भांडण केलं नाही. वही वाचली. हप्ता कुणाच्या कमाईतून जातोय ते मोठ्यानं वाचलं. पोरगं लाजलं आणि दुसऱ्या दिवशी किल्ली खुंटीला आली. आता ते त्याच्या कामाला विचारून नेतं आणि आणल्यावर प्लग पण लावतं.

तर मैत्रिणींनो, या महिन्यात गाडी घ्यायची घाई करू नका. एक वही घ्या. चार रकाने आखा. कोण, कुठं, किती किलोमीटर, किती वेळ थांबावं लागलं. महिनाभर लिहा. मग वर्षाची लाईट बिलं काढा आणि दोन्ही घेऊन गटाच्या बैठकीत बसा. कुणाला विजेची स्कूटर लागते, कुणाला नुसतं फाट्यापर्यंत सोडणारं कुणीतरी लागतं, आणि कुणाचं एसटीच्या वेळापत्रकावरच भागतं, ते तुम्हालाच दिसेल. वहीत काय निघालं ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी तुमचे हिशेब आम्ही इथून वाचून दाखवू.

येतो आम्ही. रामराम.